पायाच्या विकारांवरील अपंगत्व पेन्शन आणि अपील (बेळगाव सीमाभाग)

लष्करी नोकरीत जडलेल्या किंवा नोकरीमुळे बळावलेल्या पायाच्या विकाराबद्दल अपंगत्व पेन्शन नाकारली गेली, तर माजी सैनिकाला वरच्या पायऱ्यांवर दाद मागता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि फौजेत माणूस नाही असे गाव या भागात शोधावे लागेल. पायदळाच्या जवानाचा सगळा भार पायांवर असतो. तरीही अपंगत्वाच्या दाव्यांत पायाचे दुखणे सर्वांत सहज बाजूला सारले जाते, कारण ते हळूहळू वाढते आणि बहुतेक वेळा त्याला अपघाताची तारीख नसते.

नेहमी आढळणारे विकार म्हणजे सपाट तळवा (फ्लॅट फूट), टाचेखालच्या पडद्याचा दाह, टाचेचे वाढलेले हाड, अंगठा आत वळून त्याच्या सांध्याशी आलेला उंचवटा, सततच्या धावण्याने तळव्याच्या हाडाला गेलेला तडा, घट्ट बुटांमुळे झालेली कुरुपे, आणि सियाचीन किंवा इतर अतिउंच ठाण्यांवरचा हिमदंश. यांतला हिमदंश सेवेमुळेच झाला हे दाखवणे त्यामानाने सोपे, कारण जवानाची नेमणूक कुठे होती हे सेवापुस्तिकाच सांगते. प्रशिक्षणात किंवा कामावर पाय मोडला असेल तर जखमेचा अहवाल (लष्करी फॉर्म आयएएफवाय-2006) आणि गरजेप्रमाणे चौकशी अदालतीचा निष्कर्ष हाताशी असतो. खरा वाद होतो तो सपाट तळव्यावर.

भरतीच्या वेळी डॉक्टर उमेदवाराला चवड्यांवर उभे करतात. तेव्हा तळव्याची कमान दिसली, पाय लवचीक असला आणि दुखत नसला, तर तो उमेदवार घेतला जातो. ताठर सपाट तळव्याचा नाकारला जातो. म्हणजे पाय तपासूनच माणूस आत घेतलेला असतो. पुढे वर्षानुवर्षे पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, पायांत जड बूट, रूट मार्च आणि पाच किलोमीटर धावण्याच्या चाचण्या. मग शेप (मानस, श्रवण, अवयव, शारीरिक क्षमता, डोळे) या वर्गीकरणातली अवयवांची श्रेणी खाली येते आणि निवृत्तीच्या वेळचे रिलीज मेडिकल बोर्ड लिहिते : ‘जन्मजात प्रकृतीचा विकार, सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.’ या एका ओळीवर दावा फेटाळला जातो.

अपिलाचा कणा या ओळीला उत्तर देण्यात आहे. अपंगत्व पेन्शन कोणाला मिळावी हे ठरवणाऱ्या 1982 च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरले जाते. विकार त्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लेखी द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह (2013) प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. तो खटला अपस्माराचा (फेफऱ्याचा) होता, पण तत्त्व पायालाही लागू पडते. राजबीर सिंह (2015) निकालाने ते पुन्हा पक्के केले. कमान तपासूनच ज्याला घेतले, त्याला वीस वर्षांनी ‘तुझा पाय मुळातच तसा होता’ असे कारण न देता सांगणे अन्यायाचे आहे, आणि न्यायालयांचा कल बराच काळ या बाजूचा राहिला आहे. मात्र नरसिंग यादव (2019) प्रकरणात वैद्यकीय बोर्डाच्या मताला योग्य वजन दिले पाहिजे असेही न्यायालयाने म्हटले. त्यामुळे ‘भरतीच्या कागदावर विकाराची नोंद नाही’ एवढे सांगून भागत नाही. नेमणुका, आजारपणाच्या नोंदी, श्रेणी कधी खाली आली ती तारीख, हे सगळे एकमेकांशी जुळवून मांडावे लागते.

दुसरी अडचण टक्केवारीची. अपंगत्व 20 टक्क्यांपेक्षा कमी ठरले तर सर्वसाधारणपणे पेन्शन मिळत नाही, आणि पायाच्या विकारांना बोर्डे अनेकदा याच्या खालीच ठेवतात. सेवेतून वैद्यकीय कारणाने काढून टाकलेल्या जवानाचे अपंगत्व 20 टक्क्यांच्या वरच धरावे, असे सुखविंदर सिंह (2014) निकाल सांगतो. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्याला तो आधार तसाच मिळत नाही. 20 टक्क्यांची पायरी ओलांडली की मोठा फरक पडतो. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. वेतन 40,000 रुपये असेल तर 20 टक्क्यांना 2,400 रुपये होतात. पण 50 च्या खालचे अपंगत्व 50 धरावे या नियमाने तेच 6,000 होतात. नियत वयाने निवृत्त झालेल्यांनाही ही वाढ मिळण्याचा मार्ग राम अवतार (2014) निकालाने मोकळा झाला.

नकार आल्यावर सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते, तेही फेटाळले तर दुसरे. त्यानंतर सैनिकांच्या नोकरीविषयक तक्रारी ऐकणारे सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि 2009 मध्ये त्याचे काम सुरू झाले. अपिलाच्या पायऱ्या ओलांडल्याशिवाय सहसा तिथे जाता येत नाही. उशीर झाला म्हणून सगळे संपत नाही : तरसेम सिंह (2008) निकालानुसार पेन्शन न मिळणे हा महिन्यागणिक चालू राहणारा अन्याय मानला जातो, फक्त थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरती मिळते.

सीमाभागाचा पेच इथे उघडा पडतो. निवृत्त सैनिकाला आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे जाता येते. कर्नाटकासाठी ते कोचीला, महाराष्ट्रासाठी मुंबईला. निपाणीचा माजी हवालदार कोचीच्या कक्षेत, तर शेजारच्या कागलचा त्याच पलटणीतला सोबती मुंबईच्या. कागदोपत्री हक्क एकच. पण वकील शोधणे, प्रवास, ओळखीपाळखी यांत फार अंतर पडते. शिवाय वैद्यकीय बोर्डाचे कागद इंग्रजीत, राज्य सरकारच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा व्यवहार कन्नडमध्ये, आणि दुखणे सांगायचे मराठीत. यात अनेकदा नेमका मुद्दा निसटतो. ‘पाय दुखतो’ एवढेच अर्जात उतरते, दुखणे कोणत्या ठाण्यावर सुरू झाले ते राहून जाते.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसाला एक सोय आहे : त्याचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तोफखान्यातल्याला नाशिक रोडशी, बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) जवानाला खडकीशी पत्रव्यवहार करावा लागतो. वैद्यकीय बोर्डाची प्रत माहिती अधिकारात मागता येते, आणि अपील लिहिण्याआधी ती हाती असलीच पाहिजे. वेळ दवडणे फार महागात पडते. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे कागद 25 वर्षांनी नष्ट केले जातात. 2008 च्या पात्रता नियमांत तर सेवा संपल्यावर 15 वर्षांनी दावा केला आणि तोवर कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावरच टाकली आहे. प्रशिक्षणातच घरी पाठवलेले रिक्रूट या तरतुदीत सर्वांत जास्त भरडले जातात. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम लागू आहेत, त्यामुळे सेवा कधी संपली यावर कोणते नियम लावायचे ते ठरते.

सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातले जवान या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रीय असाधारण पेन्शन नियम आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यातून दाद मागायची तर कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. 2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना मासिक पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी 100, 75 आणि 50 टक्के या टप्प्यांवर अनुक्रमे 44, 25 आणि 15 लाख रुपये एकरकमी मिळतात. त्यांच्या पायाचे दुखणे सेवेमुळे आले की नाही, हा प्रश्न मात्र पूर्वीसारखाच वैद्यकीय बोर्डापुढे सुटायचा आहे.