कडक दगड आणि बारीक दगड

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्याकडचे काही जपानी नैसर्गिक धारेचे दगड विकायला काढले. एकूण बावीस जमले होते. त्यातले पाच-सहाच नेहमी वापरात असतात, बाकीचे वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात पडून राहतात. ते दुसऱ्या कुणाच्या पात्याखाली यावेत, एवढाच हेतू. विचारणा भरपूर आली, आणि जवळजवळ प्रत्येकाने हेच विचारलं: "त्यातल्या त्यात कडक कुठला? मला एकदम बारीक हवाय."

ही दोन वाक्यं एका दमात येतात ना, तिथेच घोळ आहे. कडकपणा हा दगडाचा एक गुण आणि बारीकपणा हा वेगळा गुण. कडक दगड जाडा असू शकतो, मऊ दगड अतिशय बारीक असू शकतो. मी स्वतः हे न कळता दगड विकत घेतला आहे, म्हणून विकताना तरी समोरच्याला ते नीट सांगायचं असं ठरवलं आहे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

कारखान्यात बनवलेले दगड तुम्हाला माहीत आहेत, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. त्यांच्यावरचा नंबर म्हणजे आतल्या कणांचा आकार. जपानी मानकाप्रमाणे १००० नंबरचा कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास, ८००० चा सव्वा मायक्रॉनच्या आसपास. नंबर वाढला की कण लहान. कण कशाने आणि किती घट्ट बांधायचे हे कारखाना स्वतंत्रपणे ठरवतो, आणि ते नंबरात कुठेच दिसत नाही.

आता तुमच्याकडे किंगचा १००० आणि शाप्टन कुरोमाकुचा १००० असे दोन्ही जपानी छापांचे दगड असतील, तर आठवून पाहा. किंग भिजत घालावा लागतो, भरभर गाळ सोडतो, मध्ये लवकर खोलगट होतो. शाप्टनवर पाणी शिंपडलं की काम सुरू, गाळ बेताचा, आणि सपाटी बराच काळ टिकते. दोघांवरही नंबर १०००. म्हणजे एक मऊ, एक कडक, आणि बारीकपणाचा आकडा मात्र तोच. हे तुम्ही आपल्या हातांनी अनुभवलेलं असतं. नैसर्गिक दगड समोर आला की मात्र भले भले लोक हा अनुभव विसरतात आणि नखाने दगड खरवडून म्हणतात, "हा कडक आहे, म्हणजे बारीक असणार."

घरातलंच उदाहरण घ्या. रव्याच्या लाडवाचा पाक जरा पुढे गेला की लाडू फोडायला बत्ता लागतो. पण म्हणून आतला रवा बारीक झाला का? तो होता तेवढाच जाडा आहे, फक्त पाकाने त्याला घट्ट धरून ठेवलं आहे. उलट बेसनाचा लाडू बोटाने दाबला तरी विस्कटतो, आणि त्याचं पीठ रव्यापेक्षा कितीतरी बारीक असतं. दगडाचा कडकपणा म्हणजे पाक. बारीकपणा म्हणजे पीठ.

क्योतो शहराच्या वायव्येला आतागो डोंगराच्या परिसरात ज्या खाणी होत्या, तिथले शेवटच्या धारेचे दगड जपानीत आवासेदो म्हणून ओळखले जातात. हा दगड म्हणजे सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी थरावर थर बसलेला सिलिकायुक्त चिकणगाळ. कापण्याचं काम करतात ते त्यातले गारेचे अतिसूक्ष्म कण, आणि त्यांना धरून ठेवतात ती भोवतालची मातीची खनिजं. थर कुठे जास्त दाबला गेला, कुठे कमी. म्हणून एकाच खाणीतून, कधी तर एकाच थरातून, खडूसारखा मऊ आणि काचेसारखा कडक असे दोन्ही दगड निघतात. कणांचा आकार आणि त्यांची पकड एकमेकांना विचारून ठरलेली नाही.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते किमतीतून. वस्तऱ्याला आणि कान्नाच्या, म्हणजे जपानी रंध्याच्या, पात्याला जो दगड लागतो तो कडकही हवा आणि बारीकही हवा. असा दगड मुळात कमी, त्याला मागणी मोठी, म्हणून तो महाग. महागडे दगड बघत गेलं की प्रत्येक वेळी कडक आणि बारीक जोडीनेच दिसतात आणि मनात त्यांची गाठ बसते. त्यातून कडकपणा चटकन हाताला कळतो. बारीकपणा कळायला पातं घासावं लागतं, धुवावं लागतं, भिंगातून पाहावं लागतं. मग जे सोपं तेच मोजलं जातं. बरेच विक्रेते १ ते ५ अशी पायरी लिहितात. ती कडकपणाची असते, तीही विक्रेत्याच्या हाताच्या अंदाजाने, पण वाचणारा ती दर्जाची समजून ५ च्या मागे धावतो.

मी ओसाकात राहत असताना पहिला नैसर्गिक दगड घेतला तो असाच. दुकानात सांगितलं, सर्वांत बारीक द्या. समोर आला फिकट राखाडी-निळसर आसागी, ठणठणीत कडक. माझी सुरी कुठली, पातं एका बाजूने घासलेलं की दोन्ही बाजूंनी, हे विचारलं गेलं नाही, आणि विचारायला हवं हे मलाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन भाज्या चिरायची उसुबा त्यावर घासली. धार अप्रतिम आली, पिकलेला टोमॅटो नुसत्या वजनाने कापला जात होता. पण पात्याची रुंद उतरती बाजू पाहिली आणि पोटात गोळा आला. ५००० च्या दगडावर गुळगुळीत झालेल्या मऊ लोखंडावर आता मांजराने ओरबाडल्यासारख्या रेषा होत्या, आणि त्याही मधल्या एका पट्ट्यात. दोन्ही कडांना दगड लागलाच नव्हता.

दगड वाईट नव्हता. तो अजून माझ्याकडे आहे आणि विकायचा नाही. तेव्हा काय घडलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा फरक तिथेच आहे.

कडक दगडात कण आपली जागा सोडत नाहीत. पातं त्यांच्यावरून सरकतं आणि प्रत्येक कण आपली रेघ ओढतो. जपानी पात्यात धारेकडे कठीण पोलाद असतं, हागाने, आणि त्याला आधार म्हणून मऊ लोखंड जोडलेलं असतं, जिगाने. एकाच कणाची रेघ हागानेवर उथळ उमटते आणि जिगानेवर खोल. शिवाय हाताने घासलेली उतरती बाजू कधीच तंतोतंत सपाट नसते. कडक दगड फक्त उंचवट्यांना लागतो, खळग्यांना शिवत नाही.

मऊ दगडात कण सुटतात. पाण्यात त्यांचा गाळ होतो, सहाणेवर चंदन उगाळताना गंध होतं तसा. पण इथे उगाळला जातो तो दगडच. हा गाळ खळग्यांतही शिरतो. सुटे कण रेघ ओढण्याऐवजी लोळत जातात आणि बारीक टिंबं टिंबं उमटवतात. जिगानेवर त्यामुळे धुक्यासारखी छटा येते, तिला कासुमी म्हणतात, आणि हागाने तिच्याशेजारी उजळ दिसतं. पण त्याच गाळातले कण धारेच्या टोकावरही समोरून आपटत असतात, म्हणून अगदी शेवटची तीक्ष्णता किंचित कमी पडते. भाजी-मासळीला ती पुरून उरते. वस्तऱ्याला पुरत नाही.

म्हणजे कणाचा आकार तोच धरला तरी कडक दगड स्वच्छ टोक आणि ओरखडे देतो, मऊ दगड एकसारखी छटा आणि थोडं सौम्य टोक. कडकपणा ठरवतो की दगड पात्याशी वागतो कसा. बारीकपणा ठरवतो की उमटलेली खूण केवढी. दोन्ही लागतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

दोन्ही पारखायच्या रीतीही वेगळ्या आहेत. माझ्या टेबलावर आत्ता दोन दगड शेजारी आहेत, एक ओहिरा खाणीचा सुइता, म्हणजे बारीक छिद्रांच्या थरातला दगड, आणि एक तो आसागी. दोन्हींवर तीन-तीन थेंब पाणी टाकलं. सुइतावर थेंब पसरले आणि मी चष्मा पुसून होईपर्यंत जिरून गेले. आसागीवर थेंब तसेच मण्यासारखे उभे. मग दोन्हींवर नुसत्या पाण्याने रुंद पातं फिरवलं. सुइतावर आठ-दहा फेऱ्यांत करडा गाळ आला आणि पोलाद उतरून तो काळा पडत गेला. आसागीवर चाळीस फेऱ्यांनंतरही पाणी जवळपास नितळ, फक्त कुठे कुठे काळसर डाग. ही झाली कडकपणाची पारख, पाच मिनिटांची. बारीकपणाबद्दल तिने अजून एक अक्षरही सांगितलेलं नाही.

त्यासाठी मी रंध्याचं जुनं पातं वापरते. आधी कारखान्याच्या दगडावर ते एकसारखं करून घ्यायचं, मग नैसर्गिक दगडावर एकाच दिशेने पंचवीस फेऱ्या, मग धुवून अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली तिरपं धरायचं आणि भिंग लावायचं. हागानेवर बघायचं, जिगानेवर नाही. जिगाने प्रत्येक दगडाला ओरखडेबाज ठरवतं. कडक दगडावर गाळ आपण होऊन येत नाही, तर त्याच जातीच्या छोट्या तुकड्याने, तोमोनागुराने, तो उगाळून एकदा पाहायचं आणि गाळ धुवून दुसऱ्यांदा. हिऱ्याच्या पट्टीनेही गाळ निघतो आणि सगळे तेच करतात, पण नव्या कोऱ्या पट्टीने दगडाचे मोठे कपचे निघतात आणि त्यांचे ओरखडे दगडाच्या माथी मारले जातात. पट्टी चांगली झिजलेली हवी.

आता ग्रिटबद्दल, म्हणजे त्या नंबराबद्दल. नैसर्गिक दगडाच्या जाहिरातीत "१०,०००" किंवा "१५,०००" असा आकडा दिसला की मला मनापासून राग येतो. कारखान्यात कण निवडून, मापून घातलेले असतात. डोंगराने असं काही केलेलं नाही. तोच दगड गाळासकट वेगळी खूण उमटवतो, गाळ धुतल्यावर वेगळी, हात हलका केल्यावर आणखी वेगळी. बोलता बोलता कुणी "८००० नंतर वापरता येईल" म्हटलं तर माझी हरकत नाही, त्यातून क्रम कळतो. विकत घेणाऱ्याकडून पैसे घेताना मात्र असा आकडा लिहू नये. मी लिहीत नाही, आणि कुणी हट्टाने मागितला तरी देत नाही.

बाकीचे फरक थोडक्यात. खाणींची नावं, नाकायामा, ओझुकु, नारुताकी, ओहिरा, ऐकायला मोहक आहेत आणि किमतीवर त्यांचा मोठा परिणाम होतो, पण नावावरून हातातला दगड कळत नाही. दगडावरचा खाणीचा शिक्का म्हणजे शाई, ती कुठल्याही दगडावर उमटते. रंगही तसेच: पिवळट कीइता, काळ्या ठिपक्यांचा कारासु, पेराच्या सालीसारखा नाशीजी, आवडेल तो घ्या. सुइताच्या थराला बारीक छिद्रं असतात आणि तो बहुतेक वेळा तोमाए या दुसऱ्या थराच्या दगडापेक्षा झपाट्याने कापतो, हा फरक खरा आहे, पण तो वापरू लागलं की आपोआप कळतो. एकाच गोष्टीबाबत डोळ्यांत तेल घालून पाहा. हारी, म्हणजे दगडातली अशी बारीक रेघ जी पात्याला ओरखडते. प्रत्येक रेघ हारी नसते. पातं त्यावरून हळू ओढा, करकर जाणवली तर ती हारी. विकणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं.

आणि आवासेदो भिजत घालू नका. थरांमध्ये पाणी शिरून तो उकलू शकतो. वरून शिंपडलेलं पाणी पुरतं.

एका काकूंनी विळीसाठी दगड मागितला होता. त्यांना मी साधा कारखान्याचा १००० घ्या म्हणून सांगितलं. विळीच्या पात्याला आवासेदोची गरज नाही, आणि माझ्याकडचा दगड त्यांना विकणं मला पटलं नसतं.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी मला आधी आपलं पातं सांगावं: सुरी, रंधा की वस्तरा, एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं, आणि उतरत्या बाजूवर छटा हवी की नुसती धार. मी दगडाचं वर्णन असं लिहिते:

ओहिरा, सुइता. २०३ × ७४ × २८ मिमी, १ किलो ८० ग्रॅम. मऊ: नुसत्या पाण्यावर आठ-दहा फेऱ्यांत स्वतःचा गाळ सोडतो. बारीक: शिरोगामी या जपानी पोलादावर पंचवीस फेऱ्यांनंतर भिंगाखाली सलग रेघ दिसत नाही. जिगानेवर एकसारखी कासुमी येते. डाव्या कडेला तांबूस रेघ आहे, पात्याला लागत नाही. ओला आणि कोरडा, दोन्ही फोटो सोबत. एका बाजूने घासलेल्या सुऱ्यांसाठी उत्तम. वस्तऱ्यासाठी घेऊ नये.