कचऱ्याचे वय आणि त्यातून झिरपणारे पाणी

कचराभूमीवर पडलेले पावसाचे पाणी कचऱ्याच्या थरांतून खाली उतरताना विरघळण्याजोगे सारे काही सोबत घेते आणि ओल्या कचऱ्यातून सुटलेले पाणीही त्याला येऊन मिळते. तळाशी जमणाऱ्या या काळपट, उग्र वासाच्या द्रवाला लीचेट म्हणतात. ते भूजलात मुरू नये म्हणून तळाला दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. त्यावरच्या खडीत पुरलेल्या सच्छिद्र नळांतून लीचेट गोळा होऊन साठवण तलावात येते.

शहराच्या सांडपाण्याचे स्वरूप वर्षानुवर्षे साधारण तेच राहते. लीचेटचे मात्र कचऱ्याच्या वयाबरोबर पालटत जाते आणि त्याच्या शुद्धीकरणातील बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

पहिल्या काही वर्षांत ढिगातील जिवाणू प्राणवायूविना अन्नपदार्थ कुजवून त्यांची सेंद्रिय आम्ले बनवतात. या काळातील लीचेट आम्लधर्मी असते आणि त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील प्रदूषकांचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे १०,००० मिलिग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. घरगुती सांडपाण्यात ती ५०० च्या आसपास असते. आकडा भयंकर दिसला, तरी ही आम्ले जिवाणूंना सहज पचतात, त्यामुळे जैविक टाक्यांमध्ये हे काम चांगले होते.

पुढे ढिगात मिथेन बनवणारे जिवाणू स्थिरावतात आणि आम्लांचा वायू होऊन जातो. लीचेटमध्ये उरतात ते प्रामुख्याने ह्यूमिक पदार्थ, म्हणजे कुजण्याच्या अखेरीस शिल्लक राहणारे मोठे, चिवट रेणू. ढिगातील जिवाणूंनी इतकी वर्षे जे टाकून दिले, ते टाकीतील त्यांच्या भाऊबंदांनी आवडीने खावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याहून चिकट प्रश्न अमोनियाचा. प्रथिने कुजून तो तयार होतो, परंतु प्राणवायू नसलेल्या ढिगात त्याचे पुढे रूपांतर होत नाही, त्यामुळे तो कित्येक दशके पाण्याबरोबर झिरपत राहतो. टाकीत हवा सोडल्यास एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि नंतर हवा बंद ठेवल्यास दुसरा गट नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतो. या दुसऱ्या गटाला मात्र पचण्याजोगा कार्बन लागतो आणि जुन्या लीचेटमध्ये नेमका तोच नसतो. परिणामी, आधीच दूषित असलेल्या पाण्यात मिथेनॉलसारखे पदार्थ विकत आणून ओतावे लागतात. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सापडलेले अ‍ॅनामॉक्स जिवाणू सेंद्रिय कार्बनाविना अमोनिया आणि नायट्राइट यांचा संयोग घडवून नायट्रोजन बनवतात. फक्त त्यांची वाढ अतिशय संथ असल्याने संयंत्र सुरू करताना बराच धीर धरावा लागतो.

चिवट रेणूंसाठी सक्रिय कोळसा वापरतात किंवा लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेने ते तोडतात.

व्युत्क्रम परासरणाच्या (आरओ) पडद्यांतून तर जवळजवळ स्वच्छ पाणी मिळते, पण त्यात प्रदूषक नष्ट होत नाहीत, केवळ वेगळे होतात. मागे राहिलेल्या दाट द्रवात क्षार, अमोनिया आणि सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने एकवटलेली असतात. हा द्रव पुन्हा ढिगावर सोडण्याचा मार्ग स्वस्त असला, तरी त्यातील क्षार फिरून लीचेटमध्येच उतरतात आणि पडद्यांवरचा भार वाढत जातो. हा दाट द्रव आटवायचा, तर उष्णतेचा खर्च मोठा येतो आणि उरलेले मीठ पाणी लागणार नाही अशा बंदिस्त जागी ठेवावे लागते.