पार्श्वभूमी: यूसीएस आणि ‘वर्क-इन’ या शब्दाचा घोळ

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोव्हन यार्डाची, म्हणजे तिथल्या जहाजबांधणी कारखान्याची, बातमी आली की १९७१च्या कामगार आंदोलनाचा उल्लेख आलाच. क्लाइड नदीकाठची जहाजबांधणी किती जुनी, ते इथे उगाळत नाही. अपर क्लाइड शिपबिल्डर्स, म्हणजे यूसीएस, ही कंपनी मात्र जेमतेम साडेतीन वर्षं टिकली.

१९६८मध्ये ब्रिटिश सरकारी समितीच्या शिफारशीनुसार पाच यार्डांची मोट बांधली: गोव्हन, लिंटहाउस, क्लाइडबँक आणि स्कॉट्सटनची दोन. तोट्यात घेतलेल्या जुन्या ऑर्डरीही पदरात पडल्या. त्यातलं युद्धनौका बांधणारं यार्ड १९७१च्या सुरुवातीला बाहेर पडलं. जूनमध्ये कंपनीने सरकारकडे ६० लाख पौंड मागितले. हातात ऑर्डरी होत्या, खिशात रोकड नव्हती. ‘लंगड्या बदकांना’, म्हणजे तोट्यातल्या कंपन्यांना, पोसायचं नाही हे सरकारचं धोरण, त्यामुळे नकार आला आणि लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार आवरणारा अधिकारी, बसला.

पुढे जे झालं त्याला मराठीत सर्रास संप म्हटलं जातं, ते चूक आहे. संपात काम बंद. ठिय्यातही कामगार आत असतो, पण काम बंदच. इथे काम चालू ठेवणं हेच आंदोलन होतं, म्हणून ते ‘वर्क-इन’. ज्याला नोकरीवरून काढल्याची नोटीस मिळाली तोही सकाळी गेटवर हजर, आणि रोजच्या जागी उभा. त्याचा पगार लिक्विडेटर देणार नाही, म्हणून नोकरीवर राहिलेले दर आठवड्याला आपल्यातून वर्गणी काढत. गेटवर पहारा कामगार प्रतिनिधींचा. दंगा नाही, नासधूस नाही, दारू नाही, हे पुढाऱ्याने पहिल्याच सभेत बजावलं होतं.

‘कब्जा’ म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. लिक्विडेटर आत येत-जात होता, बहुतेकांचे पगार तोच करत होता, जहाजंही त्याच्याच हिशेबात पुरी होत होती. टीकाकार यावरून आंदोलनाला नाटक म्हणतात. असेल, पण फेब्रुवारी १९७२मध्ये त्याच सरकारने साडेतीन कोटी पौंड काढले ते या नाटकानंतरच.

त्या पैशातून गोव्हन, लिंटहाउस आणि स्कॉट्सटनचं एक यार्ड मिळून नवी कंपनी झाली. क्लाइडबँक तेलविहिरींचे रिग बांधणाऱ्या अमेरिकी कंपनीने घेतलं. १९७७मध्ये राष्ट्रीयीकरण, १९८८मध्ये गोव्हन नॉर्वेच्या कंपनीकडे, १९९९पासून संरक्षण कंपनीकडे. आता तिथे नौदलाच्या फ्रिगेट बांधल्या जातात. क्लाइडबँकला १९०७ची अजस्र क्रेन तेवढी उभी आहे.