दुर्गम प्रवाहातून पाणी भरणे

दुर्गम प्रवाहातून पाणी भरणे : मुक्कामाचे सामान पाठीवर घेऊन दिवसेंदिवस पायी हिंडणारे भटके वाटेलगतच्या, पण सहज हात न पोचणाऱ्या ओढ्यातून, घळीतून किंवा कपारीतून पाणी मिळवतात, ती रीत. पाणी समोर दिसते, त्याचा आवाजही येतो. अडचण असते ती शेवटच्या दहा-वीस फुटांची. या फुटांत माणसाने पाण्यापर्यंत जायचे की पाणी आपल्यापर्यंत आणायचे, हा निर्णय बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. जमेल तिथे पाणीच आपल्यापर्यंत आणावे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. मध्यम चालीने जाणाऱ्याला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त, स्वयंपाकाचे वेगळे. दोन-तीन दिवसांचे पाणी पाठीवर वाहणे त्यामुळे बहुतेकांना झेपत नाही आणि वाटेत भरत जावे लागते. हाती लागले तिथे आधी पोटभर पिऊन मग बाटल्या भरणे हा जुना आणि शहाणपणाचा प्रघात आहे.

पाणी कुठे सहज मिळेल याचा अंदाज नकाशावरून बांधता येतो. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटल्या असतील, तिथे ओढा खोल घळीतून धावतो. त्या विरळ होतात, तिथे काठ उतरता आणि प्रवाह संथ असण्याची शक्यता असते. तुटक निळी रेषा हंगामी ओढा दाखवते, तिच्यावर उन्हाळ्यात विसंबू नये. कड्यावरून खाली उतरण्यापेक्षा वाट जिथे ओढा ओलांडते तिथवर अर्धा तास चालणे पुष्कळदा स्वस्त पडते.

तेवढीही सोय नसेल तर पाणी विहिरीतून शेंदतात तसे दोरीने शेंदावे लागते. तीन-चार मिलिमीटर जाडीची, दहा-पंधरा मीटर लांबीची दोरी आणि रुंद तोंडाची बाटली किंवा घडीची कापडी बादली एवढ्यावर काम भागते. रिकामी बाटली सोडली की ती बुडत नाही, पृष्ठभागावर आडवी पडून नुसती नाचत राहते. म्हणून तिच्या गळ्याला एका बाजूने दगड बांधतात. त्या भाराने तोंड कलते आणि बाटली भरते. दोरी बाटलीच्या गळ्यालाच आवळावी, झाकणाच्या पट्टीला नव्हे. भरलेल्या बाटलीचा भार ती पट्टी पेलेलच असे नाही. भांडे पाण्यात असते तोवर वजन जाणवत नाही. ते पृष्ठभाग सोडून वर आले की एकदम हाताला ओढ बसते, आणि काठावर वाकून उभा असलेल्याचा तोल नेमका याच क्षणी जातो. काठापासून दोन पावले मागे, शक्य तर बसून ओढावे. दोरी मनगटाला गुंडाळू नये, कमरेला तर कधीच बांधू नये. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की भांड्यावरचा जोर सुमारे चौपट होतो. अशा वेळी दोरी सोडून देता आली पाहिजे. बाटली गेली तर गेली. एका खेपेला दोन-तीन लिटरच ओढावे. कापडी बादली खडकावर आपटत वर आणली तर निम्मे पाणी वाटेतच सांडते.

अंतर चार-पाच फुटांचेच असेल तर चालण्याच्या काठीच्या टोकाला मग किंवा बाटली घट्ट बांधून पाणी घेता येते. बर्फाच्या प्रदेशात ही युक्ती विशेष उपयोगी आहे, कारण ओढ्याकाठचा बर्फ पुष्कळदा आतून पोकळ असतो आणि वरून भक्कम दिसतो. काठीने टोचून पाहिल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. बर्फ वितळून वाहणारे ओढे पहाटे रोडावतात आणि दुपारनंतर फुगतात, म्हणून पाणी शक्यतो सकाळीच भरावे.

कपारीतल्या पाण्याला नळी चालते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला तत्त्वतः 10.3 मीटरपर्यंतच चढवू शकतो आणि तोंडाने ओढताना त्याचा लहानसा अंशच साधतो.

उलट अडचणही असते : पाणी हाताशी, पण धार इतकी बारीक की बाटली तिच्याखाली जात नाही. खडकाच्या फटीत एखादे लांबट पान खोचून वर खडा ठेवला की पन्हळ तयार होते आणि ओघळ थेट बाटलीत पडतो. मऊ प्लास्टिकची पिशवी उथळ डबक्यात बुडवली तर चिकटून बसते. आधी फुंकून फुगवावी आणि मगाने भरावी. नुसती ओल असेल तर तिच्या उताराच्या बाजूला खड्डा करून पहिले गढूळ पाणी उपसून टाकतात आणि नवे निवळण्याची वाट पाहतात. रुमालाने टिपून पिळणे हा शेवटचा उपाय, पण तोही चालतो.

उतरावेच लागले तर पाठीवरची मोठी सॅक वर ठेवावी आणि बाटल्यांसाठी छोटी पिशवी पाठीला लावावी. चढताना बाटल्या भरलेल्या असणार, आणि दोन्ही हात मोकळे हवेत. काळपट ओला खडक शेवाळाचा समजावा. उतरण्याआधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेली झाडे नाहीत ना हे पाहावे. पाय घसरला तर माणूस तिकडेच जाणार असतो. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर वरच्या अंगाला पाऊस झाला असे धरून बाटली अर्धी असली तरी वर यावे.

मिळालेले पाणी नितळ असले तरी निर्जंतुक नसते. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे सूक्ष्म परजीवी. जिआर्डियाच्या पुटी (कवचातले परजीवी) 8 ते 12 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियमच्या 4 ते 6 मायक्रॉनच्या असतात, 0.1 मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर त्यांना आणि जिवाणूंना अडवतो, विषाणूंना नाही. खळखळून एक मिनिट, 2,000 मीटरहून उंचावर तीन मिनिटे उकळणे हा खात्रीचा मार्ग. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियमवर चार तास लागतात, आयोडीन त्यावर भरवशाचे नाही. शेंदण्याचे भांडे आणि पिण्याची बाटली वेगळी ठेवावी. गाळलेले पाणी कच्च्या पाण्याच्या बाटलीत ओतले तर गाळण्याला अर्थ उरत नाही.

गाळ हा स्वतंत्र प्रश्न आहे. हिमनदीच्या पाण्यातली दगडाची पूड आणि वाळवंटी नद्यांचा चिखल फिल्टर पाहता पाहता चोंदवतात. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये टॉन्टो पायवाटेवरून कोलोरॅडो नदी खाली दिसत राहते, पण मधल्या कड्यांमुळे बऱ्याच भागांत तिच्यापर्यंत उतरता येत नाही. चालणारे बाजूच्या ओढ्यांवर अवलंबून असतात. जिथे नदीशी पोचता येते, तिथे पाणी अनेकदा तांबडे, गढूळ असते. ते भांड्यात रात्रभर निवळू देतात किंवा चिमूटभर तुरटी टाकतात आणि वरचे पाणी हळूच ओतून घेऊन मगच फिल्टरला लावतात.