ग्योंगबोकगुंग की चांगदोकगुंग?

दक्षिण कोरियातलं सोल फिरून आलेल्यांच्या फोटोत रंगीत छत, उंच चौथरा, समोर फरसबंदी अंगण आणि हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घातलेली मंडळी दिसतात. खाली नुसतं ‘सोलचा राजवाडा’. आता यातला कुठला, हे विचारलं की फोटो काढणाराच गडबडतो. ‘गुंग’ म्हणजे राजवाडा, त्यामुळे नावाचं शेपूट सगळ्यांना सारखंच. त्यातून ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग हे दोन्ही वाडे कोरियाच्या जोसन राजघराण्याचे आणि पायी जाता येईल इतके जवळ.

ग्योंगबोकगुंग थोरला. घराणं गादीवर आलं १३९२ साली, वाडा उभा राहिला १३९५ मध्ये. ग्वांगह्वामुन या मुख्य दरवाजातून आत शिरलं की दरवाजामागे दरवाजा एका रेषेत, मग दरबाराचा ग्युन्जोंगजोन, पाठीशी बुगाक डोंगर. येणाऱ्याची छाती दडपावी, असाच सगळा बेत.

चांगदोकगुंग दहा वर्षांनी धाकटा, १४०५ चा. तिथे दोन्ह्वामुन हा मुख्य दरवाजा ओलांडला तरी दरबार दिसत नाही. आधी उजवीकडे वळायचं, १४११ चा लहानसा दगडी पूल पार करायचा, मग डावीकडे वळल्यावर इन्जोंगजोन समोर येतो. जमिनीचा उतार जसा, तसा वाडा बसवलाय. सरळ ओळीचा हट्ट धरलेला नाही. वाड्याचा अर्ध्याहून जास्त भाग तर मागची बाग, हुवोन. तिथल्या चौकोनी तळ्यात मधोमध एक गोल बेट आहे, आणि काठावरच्या मंडपाचे दोन दगडी खांब थेट पाण्यात उतरलेत. कुणी पाय सोडून बसावं तसे.

‘मुख्य राजवाडा कुठला’ या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा अडचणीचं आहे. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी दोन्ही जळाले. धाकटा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा राहिला. थोरला सुमारे २७० वर्षं ओसाड पडून होता. म्हणजे मान थोरल्याचा, पण इतकी वर्षं कारभार चालला धाकट्यातून. १८६० च्या दशकात गोजोंग राजाच्या वडिलांनी थोरला पुन्हा बांधून घेतला, तर पुढे जपानी राजवटीने त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि दरबाराच्या पुढ्यातच १९२६ मध्ये आपलं अवाढव्य सरकारी कार्यालय ठोकलं. ते १९९० च्या दशकात पाडलं. आज दिसणाऱ्या ग्वांगह्वामुनची पुनर्बांधणी तर थेट २०१० ची! युनेस्कोच्या यादीत १९९७ साली गेला तो चांगदोकगुंग, यात नवल नाही.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर मी चांगदोकगुंग निवडेन. हुवोनचं तिकीट मात्र वेगळं असतं आणि जागा मोजक्या, तेव्हा ते आधी काढून ठेवावं. आठवड्याची सुट्टीही निरनिराळी: थोरल्याची मंगळवारी, धाकट्याची सोमवारी. हानबोक घातलेल्यांना दोन्हीकडे प्रवेश फुकट, म्हणून तर फोटो इतके सारखे.

फोटो दरबाराच्या आतला असेल तर खाली-वर बघा. लाकडी जमीन आणि छताला टांगलेले विजेचे दिवे दिसले, तर तो इन्जोंगजोन. विसाव्या शतकाच्या आरंभी, राजा अजून तिथे राहत असताना, ते बसवलेले आहेत.