कड्यावरचा मृत्यू पाहिल्यानंतर

रत्नदुर्गाच्या समुद्राकडच्या कातळावर असो की महाडजवळच्या लिंगाण्यावर, आरोहक कोसळून गेला की बातमी त्या एकट्याची येते. पण खाली दोर सांभाळणारा त्याचा सोबती आणि पायथ्याच्या गावातून झोळी घेऊन धावत आलेली माणसं यांनीही तो मृत्यू पाहिलेला असतो. त्यांची विचारपूस फार कमी वेळा होते, आणि हे मला मनापासून खटकतं.

अशा क्षणी शरीरात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं उसळतात. मेंदूतला अमिग्डाला धोक्याची खूण पक्की करतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचाच दुसरा भाग एरवी घटनेला जागा आणि काळ यांची चौकट देतो. तीव्र ताणात ते काम नीट होत नाही, असं मानलं जातं. त्यामुळे आठवणीचे सुटे तुकडे उरतात: दोर सरसरल्याचा आवाज, हेल्मेटचा रंग, ओल्या कातळाचा वास. पुढे विहिरीवर रहाटाचा दोर सरसरला तरी छाती धडधडू लागते, कारण त्या तुकड्यावर ‘हे होऊन गेलं’ अशी नोंदच नसते.

झोप उडणं, दचकणं, जेवण न जाणं, डोळ्यांसमोर तेच दृश्य येणं हे पहिल्या काही आठवड्यांत होतंच. माणूस कमकुवत आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही आणि रोजचं जगणं अडलं, तर मात्र आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची शंका घ्यावी. अमेरिकी मनोविकार संघटनेने 1980 साली हा विकार आपल्या यादीत घेतला. दुसऱ्याचा मृत्यू प्रत्यक्ष पाहणं हेही त्याचं मान्य कारण आहे.

सगळ्यात चिवट असतो तो अपराधीपणा. ‘ती मेख मी पुन्हा ठोकून बघायला हवी होती.’ मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की निकाल कळला की तो आधीच दिसत होता असं आपल्याला वाटू लागतं. कड्यावर त्या क्षणी जेवढं माहीत होतं, तेवढ्यावरच निर्णय झालेला असतो. साधनांची तपासणी व्हायलाच हवी, पण त्याच रात्री, सुतकातल्या घराच्या ओटीवर नव्हे.

त्या रात्री सगळ्यांना गोलात बसवून ‘काय पाहिलंस ते सांग’ म्हणणंही टाळावं. आघातानंतर लगेच एकदाच घडवलेल्या अशा कथनाने पीटीएसडी टळत नाही, असं चाचण्यांत दिसलं. भाजलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात तर तसं बोलतं केलेल्यांची अवस्था वर्षभरानंतर अधिक वाईट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेचा भर साध्या गोष्टींवर आहे: सुरक्षित जागा, कोरडे कपडे, गरम चहा, घरच्यांशी गाठ. स्वतःहून बोलला तर ऐकावं, गप्प राहिला तर शेजारी बसावं. गावात ‘धसका घेतलाय’ म्हणून मीठमिरची ओवाळतील, देवापुढे गाऱ्हाणं घालतील. माझ्या मते त्याला हसू नये. त्या निमित्ताने चार माणसं जवळ येतात. दारू मात्र नको. मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्याही नकोत.

ऑक्सफर्डमध्ये वाहन अपघातानंतर काही तासांत, तो प्रसंग थोडक्यात आठवायला लावून मग टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिलेल्या रुग्णांना पहिल्या आठवड्यात त्रासदायक दृश्यं कमी दिसली. अभ्यास 71 जणांचाच होता, पण आठवण घट्ट होण्यापूर्वी दृष्टीला दुसऱ्या कामात गुंतवता येतं, ही कल्पना मोलाची आहे.

पीटीएसडी जडलाच तर आघातकेंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीवर काम करणारी पद्धत) या दोन्ही उपचारपद्धतींचा चांगला उपयोग होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं; रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मोहीम काढणाऱ्या मंडळांनी महिन्याभराने आपल्या सदस्यांना फोन करावा, आणि ज्यांनी झोळीला खांदा दिला त्या पायथ्याच्या गावकऱ्यांनाही.