साखरेचं पोतं आणि दोन मीटरचा पंख

एप्रिलात दुपारी सांगलीच्या बाहेर पडलं की ऊस तुटून गेलेलं, नांगरलेलं काळं रान दिसतं आणि त्याला लागूनच हिरवागार उभा ऊस. काळं रान पटकन तापतं, त्यावरची हवा वर उठते आणि घारी पंख न हलवता त्यात गोल गोल चढत राहतात. आमचं आरसी इलेक्ट्रिक ग्लायडर, म्हणजे रिमोटवर उडवायचं तरंगतं छोटं विमान, तेपण त्याच हवेवर चढवायचं असतं, मोटर फक्त वर नेण्यापुरती, मग बंद, प्रोपेलरची पाती मागं मिटतात आणि पुढची सगळी भिस्त पंखावर.

आता पंख दोन मीटर लांब, सरासरी 20 सेंटिमीटर रुंद आणि सगळं मिळून वजन 800 ग्रॅम धरू. हेच वजन 1200 झालं तर त्याला तरंगत राहायला साधारण 22 टक्के जास्त स्पीड लागतो, खाली येण्याचा वेगही तेवढाच वाढतो, आणि तेवढ्याच तिरकेपणात वळताना गोल दीडपट मोठा होतो. जमिनीजवळ थर्मल, म्हणजे ती वर उठणारी गरम हवा, अरुंद असतो, म्हणजे घार आत फिरतेय आणि आपलं विमान बाहेर. म्हणून एकेक ग्रॅमसाठी एवढा जीव काढायचा.

पण हलका म्हणजे लेचापेचा नाही हं. सूर मारून विमान जोरात वर ओढलं की पंखावर सहज चौपट भार येतो, 800 ग्रॅमचे 3 किलो 200. पंख मधोमध 18 मिलिमीटर जाड, त्यात स्पारच्या, म्हणजे पंखाच्या कण्याच्या, दोन पट्ट्या, एक वर एक खाली, मध्यापासून मध्यापर्यंत 15 मिलिमीटरवर. पंखाचं स्वतःचं वजन सोडून हिशोब केला तर मुळाशी वरची पट्टी जवळजवळ 48 किलोनं दाबली जाते आणि खालची तेवढ्यानंच ताणली जाते! साखरेचं एक पोतं म्हणा ना, आणि पट्टी बोटापेक्षा बारीक.

माझा पहिला पंख असाच हवेत मिटला. पट्ट्या चांगल्या होत्या, पण दोन्हींच्या मधे जो बाल्साच्या हलक्या लाकडाचा पातळ पडदा लागतो ना, वेब म्हणतात त्याला, त्याचे तंतू मी आडवे ठेवले होते. उभे पाहिजेत. आडवा पडदा तंतूंच्या रेषेत चिरला, वरच्या पट्टीचा आधार गेला, ती वाकली आणि खेळ संपला. तुकडे गोळा करताना वेबची ती लांब सरळ चीर बघितली तेव्हा कळलं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा वाळलेला भोपळा हातात घेऊन बघा, एवढा मोठा, आतून पोकळ, आणि किती हलका, तरी दाबला तर दबत नाही. माल कडेला ठेवायचा, मधे नाही. कार्बनची 8 मिलिमीटरची भरीव काडी आणि तेवढीच पण आतून 6 मिलिमीटर पोकळ नळी घेतली तर नळीचं वजन 44 टक्के, ताठपणा मात्र 68 टक्के.

टोकाकडं तर भार कमी कमीच होत जातो, मग तिथं पट्टी निमुळती करायची, रिबना, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना, भोकं पाडायची, गोंद थेंबानं मोजायचा. टोकाचं वजन वाचलं की वळण्यातही फरक जाणवतो.

नवा पंख उडवायच्या आधी उलटा करून मधोमध टेकवला आणि वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, मुळाशी जास्त, टोकाकडं कमी, सगळ्या मिळून 3 किलो. टोकं चार बोटं खाली गेली, पिशव्या काढल्या की परत जागेवर आली.